‘डा’चा काना

तळ्याकाठच्या आमच्या लाकडी घरामागे एक दगड आहे. त्यावर कोरलंय : ‘येथे नऊ मासेमार बुडाले.’ माझ्या सासऱ्यांनी कोरून घेतलेला. मी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवलं, आणि सुट्टीत इथं आले की त्या क्रियापदानं माझं डोकं फिरायचं.

यंदा दोघी नातींनी विचारलं, “आजी, वादळ आलं होतं का गं?”

“वादळ कसलं डोंबलाचं!” मी म्हटलं, आणि सासूबाईंनी याच घराच्या खिडकीतून पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. तळ्याचा ठेका सासऱ्यांकडे होता. मासेमारांनी तो झुगारून जाळी टाकली. सासऱ्यांची माणसं नावा घेऊन त्यांच्यावर तुटून पडली. वल्ह्यांनी डोकी फोडली, एकाचा जबडा लोंबत होता, होड्या उलथल्या. काठापर्यंत पाणी लाल झालं होतं.

“मग ‘बुडवले’ हवं ना!” थोरली म्हणाली. पोरगी माझ्यावरच गेलीय.

“सोपं आहे. ‘डा’चा काना आहेच. त्याला डावीकडून पोट काढलं की झाला ‘व’.”

छिन्नी-हातोडी घेऊन आम्ही तिघी दगडापाशी बसलो. अर्धं पोट कोरून होतंय तोच माझे थोरले दीर वल्हं घेऊन धावत आले. वय ऐंशीच्या पुढे, पण संताप विशीतला.

“बाबांच्या दगडाला हात लावतेस? घराण्याची अब्रू वेशीवर टांगायला निघालीस?”

“अब्रू तळाशी आहे, भाऊजी. काढा बुडी मारून!”

वल्हं दगडावर टेकलेल्या माझ्या बोटांवर आलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी किंचाळले, त्यांनी पुन्हा त्याच बोटांवर हाणलं. धाकटीनं त्यांच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे वल्हं खाली पडलं. तिच्या ओठांना रक्त लागलं होतं.

थोरलीनं विचारलं, “मोठे आजोबा, पुन्हा पुन्हा बोटांवरच का मारलंत?”

ते धापा टाकत होते. विचार न करताच बोलून गेले, “नावेची कड धरून ठेवतात. बोटं मोडली की आपोआप बुडतात.”

मग स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं असावं. पडलेलं वल्हं उचलायला ते वाकले नाहीत. माझ्या हाताचा चेंदामेंदा झाला होता, पण त्यांचा इतका तिरस्कार वाटला मला की दुखणंसुद्धा मागे पडलं.

थोरलीनं छिन्नी उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ‘व’ पुरा केला.