भिंतीला टेकवलेली पूलची काठी

मी पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाची एक जुनी काठी आहे. मित्रांनो, टेबलावरचे रंगीत चेंडू कडेच्या खिशांत ढकलायचे, एवढंच माझं काम होतं. आता तेही माझ्याकडून होत नाही.

एका कारागिराने मला सुकवलं, लेथ यंत्रावर घासून गोल केलं आणि टोकाला चामड्याची टिकली चिकटवली. पुढे एका नर्सबाईने मला विकत घेतलं. ती हौशी होती आणि तितकीच उतावळी. टेबलाशी आली की लगेच नेम धरायची. चेंडू मात्र खिशाच्या कडेला आपटून परत यायचे.

ती खेळायची त्या क्लबात छापखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. तिला शिकवायचं त्यांनी कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी सगळे चेंडू कपाटात ठेवून दिले. ती चिडली.

मास्तर शांतपणे म्हणाले, "नेम बरोबर आहे तुझा, पोरी. हात वाकडा जातो. त्याला नेम काय करणार?"

महिनाभर तिने फक्त पाय रोवायला, कोपर स्थिर ठेवायला आणि पंजावर मला नीट टेकवायला शिकून घेतलं. मग मास्तरांनी रिकामी बाटली आडवी ठेवली. काचेला न लागता मी बाटलीच्या तोंडातून आतबाहेर जायचं होतं. कितीतरी दिवस माझी टिकली काचेला थडकत राहिली. एके दिवशी आवाज आला नाही. मास्तरांनी कपाट उघडलं.

वर्षभरात तिने क्लबाची स्पर्धा जिंकली. लोक मला हातात घेऊन बघत होते.

त्याच सुमारास मास्तरांची दृष्टी गेली. दर रविवारी येऊन त्यांना क्लबात नेईन, असं तिने सांगितलं. दोन रविवार नेलंही. ती मला चेंडूच्या रोखाने धरून द्यायची आणि मास्तर न बघता सरळ फटका मारायचे. चेंडू खिशात पडल्याचं ऐकून ते खुदकन हसायचे.

मग तिची ड्युटी बदलली, काम वाढलं. मी तिच्या घरी कपाटामागे ओल्या भिंतीला तिरकी उभी राहिले. अकरा महिने.

एका दुपारी तिने मला बाहेर काढून, सरळ आहे का बघायला जमिनीवर लोळवलं. मी थडथडत गेले. वाकले होते. मग मला घेऊन थेट मास्तरांच्या घरी गेली.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. "दोन महिने झाले त्यांना जाऊन," त्या म्हणाल्या. "तुझा पत्ता माहीत नव्हता. दर रविवारी बूट घालून बसायचे. काढू का विचारलं, तर म्हणायचे, थांब जरा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मित्रांनो, काठी वापरून झाली की पुसा, आडवी ठेवा, ओलीपासून लांब ठेवा. आणि कुणाला "येते" म्हणून सांगितलं असेल, तर वेळेवर जा. मी त्या दारापर्यंत जाऊन आले आहे.