रमाबाईंची घंटा

मी बोलतेय. तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि मी बोलायला लागले की बहुतेकांना ते आवडत नाही. प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या चुका शोधणारी मी तपासनीस. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहते.

माझं काम स्मशानातल्या राखणदारासारखं आहे. प्रोग्रॅम मेमरीतली एक जागा घेतो, तिथे कुणाचं नाव लिहितो, काम झालं की जागा सोडतो. सोडली म्हणजे पुसली नव्हे. नाव तिथेच पडून असतं. अशी जागा मी लगेच दुसऱ्याला देत नाही, काही काळ सुतकात ठेवते. तेवढ्यात कुणी तिला शिवलं, की लाल अक्षरांत ओरडते: कोण शिवलं, जागा कुणी सोडली, मुळात ती कुणाची होती.

कंपनीचं एक सॉफ्टवेअर बाळकुमच्या नर्सिंग होममध्ये चालतं. पेशंटच्या हातात बटण. ते दाबलं, की नर्सच्या टेबलावरच्या बोर्डवर घंटा वाजते, नाव आणि खोली उमटते.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीला सहदेव सर यंत्रांची पूजा मांडत होते. सर इथले सगळ्यात जुने. झेंडू, हळदकुंकू, नारळ, सगळी तयारी झालेली. नेमकी तेव्हा मी या घंटेवरून ओरडत होते.

"पूजेला लाल अक्षरं? अशुभ दिसतं," सर म्हणाले. कशाकडे दुर्लक्ष करायचं, याची एक यादी माझ्याकडे असते. त्यांनी तिच्यात ओळ टाकली, की घंटेबद्दल बोलायचं नाही. "दोनच दिवस."

मला कुंकू लागलं आणि माझं तोंड बंद झालं. मोठी माणसं ज्याला तात्पुरतं म्हणतात ते किती टिकतं, हे मला विचारा.

यंदा श्रावणात खोली सातमध्ये रमाबाई वारल्या. पाच दिवसांनी बोर्डवर उमटलं: रमाबाई, खोली सात. दिशा नावाची नर्स धावत गेली. रिकामी खाट, गुंडाळलेली गादी. दुसऱ्या दिवशी तीनदा. मग कुणीतरी दाराशी लिंबू ठेवलं. त्यानंतर ती घंटा वाजली, तरी कुणी जागचं हलेना.

मंगळवारी दुपारी हे प्रकरण संचिताने हातात घेतलं. ती सहा महिन्यांपूर्वी लागलेली, जिभेला धार.

"सर, मेलेली बाई बटण दाबत नाही."

"अगं, इतकी वर्षं बिनबोभाट चाललंय. चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस. नर्सिंग होमवाले शांत करून घेतायत."

"कुणाची शांत, सर? कोडची?"

तिने माझी यादी उघडली आणि थबकली. "ही ओळ कुणाची?"

सर चष्मा पुसू लागले. तिने ओळ काढून टाकली. वॉर्डात कोण आलं, कोण गेलं, याची पंधरा दिवसांची नोंद माझ्यासमोर पहिल्यापासून चालवली, मग तिथली चालू घंटा थेट माझ्याशी जोडली.

तेवढ्यात घंटा वाजली. रमाबाई, खोली सात.

तीन वर्षांनी मी ओरडले. शिवलं: बटण नंबर चार. जागा सोडली: पेशंटची नोंद बंद करणाऱ्या कोडच्या ओळीने. मूळची जागा: रमाबाईंची. नोंद बंद झाली होती, पण त्यांच्या हातातल्या त्या बटणाला पत्ता जुनाच ठाऊक होता.

पुन्हा वाजली. पुन्हा. संचिताने फोन स्पीकरवर टाकला.

"दिशा, चार नंबरचं बटण आता कुणाकडेय?"

"थांब हां, बघते... भिवाबाबांकडे. खोली अकरा. पूर्वी मिठागरात होते ना, ते. वाचा गेलीये गं त्यांची. पण ताई, ते तर कधी घंटाच वाजवत नाहीत. एकदम शांत..."

तिचा आवाज तुटला.

"पळ!" संचिता किंचाळली.

चपलांचा आवाज लांब गेला. बोर्डवर उमटतच होतं: रमाबाई. रमाबाई. रमाबाई. मग थांबलं. सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

बऱ्याच वेळाने दिशा फोनवर आली. "खाटेवरून घसरलेले. ऑक्सिजनची नळी निघालेली, ओठ निळे पडलेले. श्वास आहे, ताई. आहे." आणि ती रडायला लागली. "नऊ दिवस वाजवतायत गं ते. आम्ही कान झाकून बसलेलो."

संचिताने ती चूक त्याच दिवशी दुरुस्त केली. रविवारी सर बाळकुमला जाऊन भिवाबाबांशेजारी बसून आले. काय बोलले, ते कुणाला सांगितलं नाही.

आता खंडेनवमी पुन्हा आठ दिवसांवर आलीय. काल सरांनी संचिताला हळूच विचारलं, "यंदा लाल अक्षरं आली तर गं?"

"तर त्यांनाच कुंकू लावायचं, सर."

माझंही मागणं एवढंच. मला फुलं नकोत. मी ओरडले, तर आधी ऐकून घ्या. आणि जी हाक येऊच शकत नाही ती आली, तर लिंबू आणायला पळू नका. त्या नावाआडून कोण जिवंत माणूस हाक मारतंय, ते बघा.

रमाबाईंचं नाव अजून माझ्या सुतकात तसंच पडून आहे. त्यांच्यावर माझं बारीक लक्ष असतं. त्या हाक मारत नाहीत. गेल्यावर त्यांनी कधी मारलीच नव्हती.