वानालेच्या चढावरचा सराव

म्बालेच्या थांब्यावरून टॅक्सी सुटली तेव्हा स्कोव्हिया चेसांगच्या मांडीवर दोन गोष्टी होत्या. आत्याने कागदात गुंडाळून दिलेली अंड्याची चपाती आणि एक कोरी वही. चपाती सिपीचा घाट लागायच्या आतच संपली. वही शाळेचं गाव कापचोरवा यायच्या आत भरायची होती.

वही मांगुशो सरांनी दिलेली. डिसेंबरच्या सुट्टीला सोडताना त्यांनी क्रॉस कंट्रीच्या चौदा मुलींना एकेक वही वाटली होती. "रोज किती पळालात ते त्याच दिवशी लिहायचं. फेब्रुवारीत मी तपासणार. जिची वही कोरी, तिने मैदानावर यायची तसदी घेऊ नये."

स्कोव्हियाचा इरादा नेक होता. म्बालेला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती पहाटे उठून पळालीही होती. आठ मिनिटं. मग आत्याच्या टपरीवरून कांद्याचा वास आला आणि ती वळली. त्यानंतरचे आठ आठवडे तिने कणीक मळली, चपात्या लाटल्या आणि बिघडलेल्या चपात्या वाया जाऊ नयेत म्हणून खाल्ल्या. बऱ्याच बिघडत होत्या. शाळेच्या स्कर्टचं बटण आता लागत नव्हतं, तिथे तिने सेफ्टी पिन लावली होती.

तिने दोन पेनं काढली, एक निळं, एक काळं, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं वाटेल. आणि लिहायला लागली. 'वानालेच्या चढावर सहा वेळा पळाले.' वानालेचा डोंगर आत्याच्या घरामागेच होता. स्कोव्हियाने तो रोज पाहिला होता, बसून. 'उतारावर उलटं चालले, गुडघ्यांसाठी.' हे कुठून सुचलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तीन दिवस लिहून हात दुखायचा, म्हणून दर चौथ्या दिवशी 'विश्रांती' असा एकच शब्द. रविवारी डोकं चालेनासं झालं की 'गप्पा मारत सावकाश एक तास.'

शेजारी बसलेली म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बराच वेळ बघत होती. "पोरी, आज फेब्रुवारी आहे ना? तू डिसेंबर लिहितेयस."

"अभ्यास आहे, आजी."

"कसला?"

"इतिहासाचा."

म्हातारीने कोंबडीकडे पाहिलं.

सोमवारी सरांनी वह्या गोळा केल्या. बुधवारी त्यांनी सगळ्या मुलींना मैदानावर बसवलं आणि स्कोव्हियाची वही उघडली. पकडले गेले तर काय सांगायचं याची स्कोव्हियाने मनात तीन उत्तरं तयार केली, तिन्ही एकमेकांशी न जुळणारी.

"ऐका," सर म्हणाले आणि वाचू लागले. चढ, उलटं चालणं, विश्रांती, गप्पा. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "अकरा वर्षं मी मुलींना रोज ऊर फुटेस्तोवर पळवलं. मार्च आला की त्यांची चिपाडं व्हायची. आणि या मुलीने एकटीने विचार करून बघा काय मांडलंय. तीन दिवस काम, चौथ्या दिवशी आराम. आजपासून आपण असंच करायचं. स्कोव्हिया आपली कप्तान."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. उलटं चालायचं आहे हे तेव्हा कोणाच्या नीटसं लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कप्तान सगळ्यांच्या पुढे निघाली. पहिल्या वळणापर्यंत पुढे राहिली. मग बाजूला झाली आणि कप्तानाने मागेच असावं, म्हणजे कोणी मागे राहत नाही, असं तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. बोलता बोलता तिला तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला. चढाच्या चौथ्या फेरीला ती कॉफीच्या झाडांत शिरली आणि पाचव्या फेरीला तिथूनच बाहेर आली. त्यातच स्कर्टची सेफ्टी पिन उघडून टोचली. सहा वेळा का लिहिलं, तीन वेळा लिहिलं असतं तर कोण जीव घेणार होतं, असं ती स्वतःला विचारत राहिली.

उतारावर उलटं चालताना रोज कोणीतरी पडायचं. एकदा एक मुलगी थेट गाईवर आदळली. "हे कोणाच्या डोक्यातून निघालं?" तिने विचारलं. सगळ्यांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तान बुटाची नाडी बांधत होती.

दहा दिवसांनी, गप्पांच्या रविवारी, लॉइस तिच्या शेजारी पळायला आली. लॉइस तिची लहानपणापासूनची मैत्रीण आणि शाळेतली सगळ्यांत वेगवान मुलगी.

"सरांनी तुझी वही मला उतरवून घ्यायला दिली होती," लॉइस म्हणाली. "अठ्ठावीस डिसेंबर. वानालेवर पन्नास मिनिटं, पाऊस असूनही."

"हं."

"अठ्ठावीस डिसेंबरला माझ्या मामाचं लग्न होतं, म्बालेत. तू माझ्या शेजारी बसून मटणाची तीन ताटं खाल्लीस. आणि पाऊस कुठला गं? माझ्या मामीचा झगा धुळीने लाल झाला होता."

स्कोव्हिया धापा टाकत म्हणाली, "लग्नाच्या आधी पळाले असेन."

"तू आत्ता माझ्याबरोबर गप्पा मारत पळू शकत नाहीयेस, बाई."

"मग आता सरांना सांगणार?"

"मी कशाला सांगू? मी आयुष्यात इतकी ताजीतवानी कधी नव्हते. तुझ्या थापा फार चांगल्या आहेत. फक्त लिहून झाल्यावर एकदा वाचायच्या होत्यास, ते उलटं चालणं तरी गळलं असतं."

लॉइसने ते हसण्यावारी नेलं, पण स्कोव्हियाच्या मनातून जाईना. आणि पुढच्या आठवड्यात खरी पंचाईत झाली. शाळाशाळांच्या शर्यतीला सहा मुली जायच्या, त्यांतल्या पहिल्या चौघींचे गुण धरायचे. पाच नावं सरळ होती. सहावं कप्तानाचं, ते तर ठरलेलंच. सातवी, म्हणजे यादीबाहेर, होती एनेट, इयत्ता नववीतली, हाडकुळी, कोणाशी न बोलणारी. एनेटच्या वहीत सुट्टीतले बावन्न दिवस होते, आणि प्रत्येक दिवशी एकच ओळ: 'दुधाच्या डेअरीपर्यंत आणि परत.' ती रोज घरचं दूध पोचवायला पळत जायची. तिची वही सरांनी वाचून दाखवली नव्हती. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, सगळं खरंच होतं.

यादी लागणार त्याच्या आदल्या संध्याकाळी एनेट हॉस्टेलच्या नळावर स्कोव्हियाला भेटली. "ताई, मला पुढच्या वर्षी तुमच्यासारखी वही लिहायला शिकवाल?"

स्कोव्हिया बादली तिथेच टाकून सरांच्या खोलीकडे गेली. सर बीन्स निवडत बसले होते.

"सर, मी सुट्टीत आठ मिनिटं पळाले."

"रोज?"

"नाही, सर. एकूण."

सरांचा हात थांबला. तिने सगळं सांगितलं. टॅक्सी, दोन पेनं, चपात्या. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण चपात्यांची गोष्ट सांगताना तिलाच हसू यायला लागलं आणि ते दाबताना फार विचित्र आवाज निघाला.

"तुझी वही मी जिल्ह्याच्या शिक्षकांच्या सभेत वाचून दाखवली," सर हळू आवाजात म्हणाले. "दोन शाळांनी उतरवून घेतली. मग मला सांग, चौथ्या दिवशीची विश्रांती कोणी ठरवली?"

"हात दुखत होता, सर."

"आणि रविवारच्या गप्पा?"

"कंटाळा आला होता."

"उलटं चालणं?"

"ते मलाही माहीत नाही, सर. माफ करा. ते बंद केलं तर बरं होईल."

सरांनी बीन्समधला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाले, "एनेट पळेल. तू कप्तान नाहीस. शर्यतीला येशील, मुलींचे स्वेटर सांभाळशील. आणि मुलींना तू स्वतः सांगशील." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मटणाची तीन ताटं खरी?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, सर?"

"लॉइसने. आठवड्यापूर्वीच. तू येतेस का, बघत होतो."

मुलींना सांगणं जास्त अवघड गेलं. गाईवर आदळलेल्या मुलीने तिच्याशी चार दिवस अबोला धरला.

शर्यत क्वेनच्या बाजूला होती, एका माळरानावर, दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्या. स्कोव्हियाच्या दोन्ही खांद्यांवर सहा स्वेटर होते. बंदूक वाजली आणि दीडशे मुली चढाला भिडल्या. तिला मुळीच पळायचं नव्हतं. पण पहिल्या वळणावर लॉइस चौथी दिसली आणि एनेट कुठेच दिसेना, म्हणून ती दोरीच्या कडेकडेने पुढच्या वळणाकडे धावली. तिथे एनेट दिसली, विसावी असेल. "एनेट, दूध नासतंय, चल," स्कोव्हिया ओरडली. एनेटने पुढच्या दोघींना मागे टाकलं. मग स्कोव्हिया त्याच्या पुढच्या वळणाकडे धावली. मग ओढ्याकडे. स्वेटर एकेक करून गवतात पडत गेले. पायांत रबरी सपाता होत्या, त्यांतली एक ओढ्यात राहिली.

लॉइस तिसरी आली, एनेट अकरावी. संघ दुसरा. शाळेला इतकी वरची जागा आजवर कधी मिळाली नव्हती. सरांनी निकाल दोनदा विचारून घेतला, मग सगळ्यांना मोजलं. सहा मुली होत्या, स्वेटरवाली नव्हती.

ती प्रथमोपचाराच्या तंबूत सापडली. ग्लुकोजचं पाणी पीत आडवी पडली होती, चेहरा शेंदरी, एक पाय अनवाणी. तंबूतली नर्स वहीत लिहीत होती. "कितवी आली?" तिने लॉइसला विचारलं.

"ही पळत नव्हती," लॉइस म्हणाली.

नर्सने पेन खाली ठेवलं. "मग हिला झालंय काय?"

एनेट खाटेच्या कडेला बसली आणि हातातलं अर्धं संत्रं तिने स्कोव्हियाच्या पोटावर ठेवलं. बाहेर सर गवतातले स्वेटर गोळा करत होते, आणि चार सापडले, दोन नाहीत, असं कोणाला तरी सांगत होते.