गुंजनबाबांचा बोलका घुमट

गुरुग्रामच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. हॉल लंबगोल, वरचा घुमटही लंबगोल, आणि एका टोकाला फरशीवर रंगवलेलं कमळ. गुंजनबाबा गर्दीला मौन पाळायला लावत. मग कमळावर उभ्या राहिलेल्या भक्ताला माइकवरून नाव, दुखणं आणि कोण वारलंय ते विचारत. लगेच ते वारलेलं माणूस भक्ताच्या कानात कुजबुजे. शेजारच्याला मात्र काही ऐकू येत नसे. त्याची पुण्याई कमी पडली, असं बाबा सांगत.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या हेमलताबाईंना तिथे त्यांचे दिवंगत पती भाऊसाहेब भेटले. म्हणाले, "हेमा, सुई छोड़ दो." बाईंनी इन्सुलिन सोडलं.

जन्मभर घरात मराठी बोललेले आपले वडील मेल्यावर हिंदीत कसे बोलले, असं त्यांची लेक सृष्टी हिने विचारलं. त्यावर गुंजनबाबांचा खुलासा आला, की वरचं कामकाजही राजभाषेतच चालतं. हयात फायलींत गेलेल्या बाईंना ते तत्काळ पटलं.

पण पायाची जखम चिघळू लागली, तेव्हा सृष्टी आईबरोबर हॉलमध्ये आली. तिचं कामच आवाजाचं. रिकाम्या गोदामांत, जुन्या बारवांत स्पीकर मांडून ती लोकांना त्या जागेचा घुमारा ऐकवायची. तिने घुमट न्याहाळला, मग कमळासमोरचं दुसरं टोक. तिथे पडदा होता. ती पडद्यामागे शिरली, तर स्टुलावर एक शिष्य बसलेला. त्याला ती पुढच्या पाळीची वाटली असावी. तो निमूटपणे चहाला गेला.

कमळावर आई उभी राहिली. सृष्टी कुजबुजली, "आई, मी सृष्टी बोलतेय. इन्सुलिन घे." आणि तिने पडदा बाजूला ओढला.

देवीने माध्यम निवडलं, असं बाबांनी लगेच जाहीर केलं. सृष्टीने शांतपणे सांगितलं, की या घुमटाखाली एका टोकाची कुजबुज छतावरून परतून बरोबर दुसऱ्या टोकाला गोळा होते, मधल्यांना कळतही नाही. शिवाय कुजबुजीत गळा ओळखू येत नाही. आपल्याला हवं ते माणूस आपणच त्यात ऐकतो.

हेमलताबाई हळूहळू चालत स्टुलाकडे गेल्या. सृष्टी कमळावर उभी राहिली. तिच्या कानात आईचे शब्द आले, "मग ते माझ्याशी बोललेच नाहीत का गं?"

"नाही, आई."

बाई स्टुलावरून उठल्या आणि थेट दवाखान्यात गेल्या. पाय वाचला.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची आठवण जरूर काढा. पण औषध सोडायला सांगणारा आवाज आला, तर हात जोडण्याआधी पडदा ओढून बघा.