खोक्यावरचा हात

"किती कापूस कोंबता त्यात? गादी भरून राह्यले का?" स्वयंपाकघराच्या दारातून सुवर्णानं विचारलं.

रविकांत समोरच्या खोलीत फतकल मारून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाकडी खोक्यात होते. त्यानं आधी मान वर केली, तोंड तिच्याकडे वळवलं आणि मग सावकाश सांगितलं, "आवाज घुमू नये म्हनून भरतेत. व्हिडिओत दाखवलं हाय."

"काय?"

"कापूस लागते म्हनलं."

"बरं," म्हणून ती आत गेली. तिचं हे 'बरं' ऐकून म्हटलेलं असतं की नुसतंच, हे आताशा त्यालाही ओळखता येत नसे.

रविकांत बोथच्या सरकारी कचेरीत कारकून. इचोड्याहून रोज मोटरसायकलनं जायचं, फायली इकडच्या तिकडे करायच्या आणि संध्याकाळी परत यायचं, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हातानं काही बनवायचं म्हटलं की त्याची फजिती ठरलेली. लग्नाच्या वर्षी त्यानं स्वयंपाकघरात ठोकलेली फळी अजून उजवीकडे कललेली आहे आणि मसाल्याचे सगळे डबे त्याच कोपऱ्यात जाऊन गर्दी करतात. असा माणूस घरी बेसचा डबा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचं खोकं, बनवायला निघाला, तेव्हा त्याच्या भावानं, गोपाळनं, फोनवर पोट धरधरून हसून घेतलं होतं.

मुलीनं, अर्पितानं, नोकरी लागल्यावर घेऊन दिलेला होम थिएटरचा सेट घरात होता. चार लहान स्पीकर अजून ठणठणीत होते, पण बेसच्या डब्यातल्या मोठ्या स्पीकरचा कागद उंदरांनी कुरतडून टाकला. आतलं सर्किट शाबूत होतं. रविकांतनं बंद पडलेल्या एका ढाब्यावरून जुना, थाळीएवढा स्पीकर मिळवला, सुताराकडून जाड प्लाय कापून आणला, फटींत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा कालवून भरला. हवेच्या भोकासाठी बोअरच्या पाइपाचा तुकडा बसवला. कापूस तर गोपाळच्या घरी छतापर्यंत रचलेला होता. तिथून एक पोतं आलं.

हा खटाटोप सुवर्णासाठी होता, पण तिला तसं सांगायची सोय नव्हती. तिचे कान जात होते. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिटी गेली, मग बायकांचे आवाज पुसट झाले. रविकांतचा जाड आवाज तेवढा समोरून कळत असे, तोही तोंडाकडे पाहून. आदिलाबादच्या डॉक्टरांनी शिरा सुकल्याचं सांगून मशीन दिलं. ते कानात शिट्या मारत असे, म्हणून ते कपाटात गेलं. दर रविवारी जेवणं झाली की दोघांनी मिळून सिनेमा पाहायचा, हा त्यांच्या संसारातला एकुलता एक शौक होता. आता रविवारी सुवर्णाला नेमकी भांडी घासायची आठवण येई. जाड आवाज कानाला नाही, अंगाला ऐकू येतो, असं रविकांतनं एका व्हिडिओत पाहिलं आणि ते मनाशी धरून ठेवलं.

पण खरं दुखणं सिनेमाचं नव्हतं. अर्पिताला निजामाबादला दिली होती. दिवाळीनंतर एकदा तिचा आईला फोन आला. तिसऱ्या महिन्यात पोटातलं मूल राहिलं नाही, हे ती रडत सांगत होती. सुवर्णाला वाटलं, सुट्टी मिळाली म्हणून सांगते आहे. "बरं झालं माय," ती म्हणाली, "आता मस्त आराम कर."

फोन तिकडून बंद झाला. संध्याकाळी जावयानं रविकांतला खरं काय ते कळवलं आणि त्यानं ते सुवर्णाला समोर बसून सांगितलं. रात्री अर्पितानं वडिलांना फोनवर विचारलं, "बाबा, आई असं कसं बोलली मले?" रविकांतच्या तोंडावर खरं उत्तर आलं होतं. पण समोर सुवर्णा हात जोडून उभी होती. तो म्हणाला, "कामात होती बेटा, ध्यान नसन तिचं." हे तर त्याहून वाईट झालं. तेव्हापासून अर्पिता फोन करी तो कचेरीत, बापाला. आई कशी आहे, हेही विचारत नसे.

"माही माय याच वयात बहिरी झाली होती," सुवर्णानं त्या दिवशी सांगितलं होतं. "आदीच लेकरू राह्यलं नाई. आता आजी बहिरी, आई बहिरी, हे तिच्या सासूले समजलं तं खोट पोरीतच हाय म्हनन ते. मले वाईट समजू द्या तिले. सांगू नका."

रविकांतनं शब्द दिला आणि पाळला. आतून मात्र तो रोज कुढत होता.

खोकं बंद करून त्यानं सिनेमा लावला, तर आवाज आला खरा, पण त्याच्यासोबत काहीतरी खडखडू लागलं. त्यानं स्क्रू आवळले, फटींवर पुन्हा भुसा चोपडला, पाइप काढून बसवला. खडखड जाईना. शेवटी सुवर्णाच पदराला हात पुशीत बाहेर आली.

"काय धडधड लावली? फळीवरचे डबे नाचून राह्यले."

"तुले कळलं?"

"पायाले कळलं." ती खाली बसली आणि तिनं खोक्यावर तळहात ठेवला. थोडा वेळ तशीच राहिली. मग हात बाजूवर सरकवला, मग मागे. "याच्यात सरकी हाय," ती म्हणाली.

"निवडून भरला ना म्या."

"तुमी निवडला म्हनूनच तं हाय."

लग्नाआधी ती बोटं फुटेस्तोवर कापूस वेचत असे. खोकं उघडलं तेव्हा तळाशी सुटी सरकी पडलेली होती. शेतकऱ्याच्या पोरानं घरचा कापूस वरवर निवडून कोंबला होता. दोघं समोरासमोर बसून कापसातून सरकी काढू लागली. समोरासमोर असल्यानं तिला त्याचं बोलणं कळत होतं. बऱ्याच दिवसांनी दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत गप्पा मारत होती. अर्पिता लहानपणी कापसाच्या ढिगात लपायची आणि शिंक आली की सापडायची, ते सुवर्णालाच आठवलं. मग दोघंही खाली पाहून सरकी वेचू लागली.

खोकं पुन्हा बंद झालं. सिनेमातला ढोल सुरू झाला. सुवर्णानं तळहात ठेवला आणि प्रत्येक ठोक्याला ती मान हलवू लागली. एकही ठोका चुकला नाही. ती हसली. रविकांतला भरून आलं, ते लपवायला तो रिमोट शोधू लागला. रिमोट त्याच्या हातातच होता.

"अर्पिताले लावा याच्यावर," ती म्हणाली.

हा डबा फक्त जाड आवाज घेतो, बारीक आवाज सर्किट लहान स्पीकरकडे पाठवतं, हे व्हिडिओवाल्यानं सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते आता सांगायचं त्याच्या जिवावर आलं. न जाणो, येईलही, अशी वेडी आशा त्यालाही वाटली. त्यानं फोन सेटला जोडला आणि नंबर लावला.

"बाबा? आज घरून?" चारही कोपऱ्यांतून अर्पिताचा आवाज खोलीत भरला, अगदी शेजारी बसल्यासारखा.

सुवर्णा खोक्याकडे पाहत होती. "लागला?"

"लागला."

"मंग बोलत काऊन नाई ते?"

"बोलून राह्यली."

तिनं दुसराही हात ठेवला. मग वाकून गाल टेकवला. खोकं नुसतं लाकूड होतं.

"बाबा, आई हाय का तिथं? काय म्हन्ते?"

सुवर्णानं गाल उचलला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तिचा आवाज याच्यात येत नाई?"

"नाई. बारीक हाय तिचा."

"तुमचा आला असता?"

"माहा आला असता थोडासा."

पलीकडे अर्पितानं सगळं ऐकलं होतं. रविकांतनं फोन बंद करायला हात पुढे नेला, पण सुवर्णानं त्याचं मनगट धरलं. फोन त्याच्या मांडीवर होता, पण ती बोलली ती खोक्याशी, त्याच्यावर वाकून, मोठ्यानं. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

"अर्पिता, मले ऐकू येत नाई माय. त्या दिवशीबी नाई आलं."

खोलीत आवाज भरून राहिला. रविकांतनं तो सगळा एकट्यानं ऐकला.

"काय म्हन्ते?" सुवर्णानं विचारलं.

त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं. "आई म्हन्ते."

"अजून?"

"नुसतं आई, आई म्हनून राह्यली."

सुवर्णानं मान हलवली. मग तिनं हात पुन्हा खोक्यावर ठेवला आणि तिथंच राहू दिला.