रंगमिलची चिमणी

मनोरीच्या कृष्णाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. मासळी विकणाऱ्या बाईनं तोंड मिटून बसायचं तर मग घरीच बसावं की, असं तिचं म्हणणं. बोरिवलीच्या बाजारात ती आणि सोनूबाई बावीस वर्षं शेजारी शेजारी बसत होत्या. पाटीला पाटी लागलेली. घरात भांडण झालं, सुनेला दिवस गेले, दाढ दुखली, सगळं आधी सोनूबाईच्या कानावर जायचं. मग दुपारपर्यंत बाजाराला कळायचं, पण तो सोनूबाईचा दोष नव्हता. कृष्णाबाई स्वतःच सांगत सुटायची.

आता रंगमिलचं सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यावरून घडलं. दहिसर नदी डोंगरातून उतरते, बोरिवलीच्या अंगानं वाहते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. तिच्या काठी कापड रंगवायची मिल होती. पाटीवरचं नाव काही का असेना, लोक तिला रंगमिलच म्हणत. शहरातल्या मिलींचं कोरं कापड ट्रक भरभरून यायचं, रंगून जायचं, आणि उरलेलं पाणी नदीत. सोमवारी नदी तांबडी, तर गुरुवारी निळी. कृष्णाबाई लग्न होऊन आली तेव्हा खाडीतल्या खडकांवरून टोपलीभर कालवं फोडून आणायची. मिल आली आणि चार-पाच वर्षांत खडक बोडके झाले. चिखलातल्या निवट्या माशांना घासलेटचा वास यायला लागला. गिऱ्हाईक पाटीपाशी वाकायचं, नाक मुरडायचं आणि विचारायचं, खाडीचं तर नाही ना? दर्यातली ताजी मासळी असली तरी शपथ घालावी लागायची.

शेवटी एकोणऐंशी साली कृष्णाबाई आणि सोनूबाईनं चाळीस बायका गोळा केल्या आणि वास मारणाऱ्या निवट्यांच्या टोपल्या नेऊन मिलच्या दारात ओतल्या. त्या दिवशी फाटकावर आडवा आला तो धोंडू, बॉयलरवरचा माणूस, कणकवलीकडचा. आमच्या पोटार पाय कशाक देतास, म्हणून तो भांडला. कृष्णाबाईनं त्याला सुनावलं की तुमची अख्खी मिलच आमच्या पोटावर उभी हाय, त्याचं काय? तेव्हापासून दोघांचं जे वाकडं आलं ते आलंच. ती नदीकाठानं जाताना दिसली की धोंडू तोंड फिरवायचा आणि ती मुद्दाम खाकरायची.

मिल मेली ती मात्र मोर्च्यानं नव्हे. ब्याऐंशीत शहरातल्या मिलींचा संप झाला, कोरं कापड येईनासं झालं, आणि वर्षभरात मालकानं रंगमिलला कुलूप ठोकलं. कामगार देशोधडीला लागले. धोंडू तेवढा रखवालदार म्हणून राहिला, कारण गावी जाऊन करायचं काय? कृष्णाबाईनं मात्र बाजारात सांगितलं की मिल आम्ही बंद पाडली. कुणी तिच्याशी वाद घातला नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, एवढं श्रेय तिला असू दे, असं लोकांनी म्हटलं असेल.

सत्त्याऐंशीत पालिकेनं ती जागा हातात घेतली. शेडचे लहान लहान गाळे करायचे, काठावरचा गाळ उपसायचा, झाडं लावायची, बाकडी टाकायची, असा बेत होता. सगळं ठीक, पण चिमणीचं काय? आवारात मधोमध विटांची उंच चिमणी उभी होती. जुन्या कामगारांनी अर्ज दिला की चिमणी ठेवा, आमचं आयुष्य तिथं गेलंय. मनोरी-गोराईच्या बायकांनी अर्ज दिला की पाडा. श्यामकांत नावाचे अधिकारी होते, भले गृहस्थ. ते दोन्ही अर्ज घेऊन चार महिने डोकं खाजवत होते. कृष्णाबाई दर आठवड्याला त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायची. ती चिमणी उभी हाय तवर मिल मेली असं मला वाटत नाय, हे एकच पालुपद. कंटाळून म्हणा की पटून म्हणा, साहेबांनी पाडायचं ठरवलं. वर म्हणाले की कामाचा नारळ तुमच्याच हातून फोडू.

त्या दिवशी कृष्णाबाई घरी आली ती हवेत. सुनेला, कमळला, सांगितलं, शेजारी सांगितलं, धक्क्यावर सांगितलं. चंदू तेवढा गप्प होता. चंदू तिचा एकुलता एक, अठ्ठावीस वर्षांचा, बापाच्या होडीवर नाखवा झालेला. त्यानं ताटातला भात तसाच ठेवला आणि उठला. कमळशी काही बिनसलं असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कमळ हळूच म्हणाली की आये, त्यांचं लक्ष थाऱ्यावर नाय, नुसते किनाऱ्यावर बसून राहतात.

दुपारी कृष्णाबाई गेली. चंदू वाळूत जाळं पसरून बसला होता, पण हात चालत नव्हते. ती शेजारी बसली आणि काय झालं ते सांगितल्याशिवाय मी उठायची नाही म्हणाली. चंदूला माहीत होतं की ती खरंच उठणार नाही. शेवटी तो बोलला.

"आये, चिमणी पडली तर आपली जागा गेली."

कसली जागा, ते मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. किनाऱ्यापासून लांब, पाण्याखाली एक खडक आहे. थंडीत तिथं घोळ आणि दाढा, हे मोठे मासे, येऊन राहतात. खडक वरून दिसत नाही. सापडतो तो किनाऱ्यावरच्या दोन खुणांनी. होडी अशी न्यायची की चिमणीचं टोक कान्हेरीच्या डोंगरातल्या खाचेत बरोबर बसलं पाहिजे. मग ती रेघ न सोडता पुढं जायचं, दुसरी खूण जुळेपर्यंत. दोन्ही जुळल्या की खाली खडक. चंदूच्या आजोबांच्या वेळी चिमणी नव्हती, त्या जागी नदीकाठी एक उंच ताड होता. मिलनं तो ताड तोडला. अनंता, म्हणजे चंदूचा बाप, वर्षभर चाचपडत होता. मग एक दिवस ताडाच्या जागीच चिमणी वर आली आणि खडक पुन्हा सापडला.

डोंगर आहे की तेवढाच मोठा, चिमणी कशाला हवी, असं कृष्णाबाईनं विचारलं. चंदू म्हणाला की डोंगर केवढा पसरलाय, खाचेशी जुळवायला अलीकडं काहीतरी एका जागी उभं पाहिजे. बोरिवलीत इमारती तर रोज उगवतात. आज जिची खूण धरावी ती उद्या दुसरीमागं गेलेली असते. चिमणी सगळ्यांच्या वर आहे.

पण कृष्णाबाईला टोचलं ते खडकाचं नव्हतंच.

"बापानं तुला कधी सांगितलं?"

"सोळाचा होतो. दर्याचं पाणी हातावर घेऊन शपथ घातली."

"आनि मला नाय सांगितलं."

चंदू जाळ्याकडं बघत म्हणाला, "तू बाजारात बसतेस ना. शेजारी सोनूमावशी."

"तोंडात तीळ भिजत नाय माझ्या, असंच बोलला असंल."

चंदूनं मान वर केली नाही. म्हणजे असंच बोलला होता.

तिला राग आला, आणि तो नेमका मेलेल्या माणसावर. सव्वीस वर्षं त्याचं कालवण रांधलं, आजारपणं काढली, त्याची मासळी डोक्यावर वाहून विकली, आणि ती मासळी येते कुठून ते त्यानं आपल्याला सांगितलं नाही! भरल्या घरात आपण परक्या होतो, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं दोन दिवस काही केल्या गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारात बसल्या बसल्या तिनं मनाशी खरं काय ते कबूल केलं. सांगितलं असतं तर आपण सोनूबाईला सांगितलं असतं. सोनूबाईनं तिच्या नवऱ्याला, भाऊला. भाऊ गेली सहा वर्षं चंदूच्या होडीमागं होडी घालून बघतोय आणि चंदू त्याला हुलकावण्या देतोय, हे साऱ्या गावाला दिसत होतं. अनंता बरोबर होता. मेला बरोबर होता, याचाच तिला जास्त राग आला.

आणखी एक गोष्ट तिला पटेना आणि सोडवेनाही. ज्या चिमणीला तिनं इतकी वर्षं शिव्या घातल्या, तिनंच तिचं घर चालवलं होतं. थंडीत पाटीवर हातभर घोळ टाकून ती मिरवायची, चंदूच्या हाताला यश आहे म्हणायची. ज्या मिलनं खाडी खाल्ली तिच्याच डोक्याकडं बघत बापलेकांनी दर्यातून घास आणला. मग मिलला बरी म्हणायची का? तेही तिच्या जिभेवर येईना. खडकावरची कालवं तर खोटी नव्हती.

नारळाचा दिवस उजाडला. नदीकाठी मांडव घातला होता. बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, मनोरी-गोराईचे नाखवे आले होते, भाऊ अगदी पुढं बसला होता. फाटकापाशी धोंडू टोपी हातात घेऊन उभा होता, घरातलं माणूस गेल्यासारखा. साहेबांनी चार शब्द बोलून कृष्णाबाईला पुढं बोलावलं. सोनूबाईनं तिच्या हातात नारळ दिला.

कृष्णाबाई नारळ घेऊन उभी राहिली. फोडीना.

"साहेब, चिमणी राहू द्या," ती म्हणाली.

मांडवात कुजबुज झाली. श्यामकांत साहेबांना आधी थट्टा वाटली. अहो बाई, चार महिने तुम्हीच तर मागं लागला होता, म्हणाले. ती म्हणाली, लागले होते, आता नाय लागत. का पण, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं वावगं नव्हतं. सगळा मांडव कान देऊन होता. भाऊ होता, दोन्ही गावचे दहा नाखवे होते. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांना पटलं असतं, आणि त्याच वाक्यानं चंदूची जागा दहा होड्यांना वाटली गेली असती. एक रेघ कळली की तिच्यावरून फिरत फिरत खडक कुणालाही सापडला असता. एखादी थापही तिला सुचेना, कारण थाप मारायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

"राहू द्या, एवढंच म्हनते," ती पुन्हा म्हणाली.

तेव्हा सोनूबाई उठली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं.

"कृष्णे, मला सांग. मला तरी सांग."

कृष्णाबाईनं तिच्याकडं बघितलं. बावीस वर्षांत या बाईपासून तिनं काही लपवलं नव्हतं. डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. सोनूबाई पदर खोचून मांडवाबाहेर गेली. तिच्यामागं एकेक करून बाकीच्या बायका गेल्या. कुणीतरी जाता जाता म्हणालं की चिमणीच्या बदल्यात हिला गाळा मिळाला असंल.

साहेब सरकारी माणूस. कामगार आणि बायकांची पुढारीण आता एकच मागत होते आणि पाडायचा खर्चही वाचत होता. त्यांनी तिथंच कागदावर शेरा मारला. धोंडू फाटक सोडून पुढं आला आणि विचारलं, "कृष्णाबाय, ह्यां कशासाठी केलंस?" ती म्हणाली की तुमचं तोंड बघवेना म्हणून. धोंडू वीस वर्षं बॉयलरपाशी काढलेला माणूस, खोटं त्याला कळत होतं. पण त्यानं पुढं विचारलं नाही. तिच्या हातातला नारळ घेतला आणि चिमणीच्या पायाशी फोडला.

पुढं बाग झाली. गाळ्यांमधून लेथचे आवाज यायला लागले. नदीचं पाणी एकदम निवळलं असं नाही, वरच्या वस्तीची घाण होतीच. पण रंग गेला. दोन पावसाळ्यांनंतर खाडीच्या तोंडाशी एका खडकावर नखाएवढी कालवं धरलेली कृष्णाबाईला दिसली. हे आधी कुणाला सांगावं म्हणून ती वळली, आणि कुणीच नव्हतं. सोनूबाईनं बाजारात जागा बदलली होती, पार दुसऱ्या टोकाला, बर्फवाल्याजवळ. खाडी ओलांडायच्या लाँचमध्येही ती पाठ करून बसायची. कृष्णाबाई दोनदा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. दोन्ही वेळा सोनूबाईनं एकच विचारलं, सांगतेस का? दोन्ही वेळा ती तशीच परत आली.

त्या थंडीत चंदूला मोठी घोळ लागली. दोघांनी धरून ती दारात आणली. कमळ पाणी आणायला आत गेली, तसा चंदू आईशेजारी उकिडवा बसला. बरेच दिवस मनात असलेलं बोलावं तसा बोलला.

"आये, दुसरी खूण सांगू तुला? बापाला चाललं असतं आता."

कृष्णाबाई खवले काढत होती.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "एकीपायी माझी सोनूबाई गेली. दुसरी तुझ्यापाशीच ठेव."