सगळं धरून

वॉर्डबॉय बन्सीने स्ट्रेचर उताराच्या तोंडाशी आणून उभे केले, हात कठड्यावरून काढले आणि गळ्यातल्या रुमालाने मान पुसायला घेतली. स्ट्रेचरवर द्वारका कुशीवर वळून, दात आवळून पडली होती. उताराच्या वरच्या टोकाला बाळंतपणाच्या खोलीचे हिरवे दार दिसत होते.

"कामून थांबला?" मल्हाररावांनी विचारले.

"चढ हाय बाबा. खुशीनं द्या की काही चहापाण्याला."

"कशाची खुशी? अजून झालंय काय?"

"वर नेल्यावर होईलच ना."

बानाबाईने कनवटीला हात घातला. मल्हाररावांनी बायकोचा तो हात धरला.

"थांब. ह्यांनी भिंतीवर लिहिलंय, सगळं धरून पाच हजार. सगळ्यात हा चढ येतो का नाय?"

बन्सीने रुमाल झटकला, घडी केली, पुन्हा गळ्यात घातला. पायरीवर बसलेली एक बाई केळे सोलत होती. तिचे केळे खाऊन झाले, तिने साल पिशवीत ठेवली, तरी स्ट्रेचर तिथेच होते.

"बाबा, देऊन टाका ना," द्वारका कण्हत म्हणाली.

मल्हाररावांनी दिले नाहीत. शेवटी बानाबाईने हात सोडवून घेतला आणि पलीकडून वीसची नोट सरकवली. लगेच चाके फिरली.

मल्हारराव चिक्कू नव्हते, हे सोयगावात कुणीही सांगेल. पोरीचे पहिले बाळंतपण माहेरचे, बापाच्या जबाबदारीचे, म्हणून त्यांनी आनंदाने छावणीच्या जनावरांच्या बाजारात चार मेंढे विकले होते. त्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरली की भाव ठरला. मग मेंढा घरी जाऊन आडवा पडो, घेणाऱ्याने नि देणाऱ्याने पुन्हा तोंड उघडायचे नाही. जन्मभर ते या रीतीने वागले आणि जगही असेच वागते असे धरून चालले. याला भाबडेपणा म्हणा नाहीतर ताठा म्हणा. त्यांच्यात दोन्ही भरपूर होते. सोयगावच्या एसटी स्टँडवर, गुबगुबीत बाळाच्या चित्राखाली, 'सुखरूप बाळंतपण, सगळं धरून फक्त पाच हजार' असे वाचले, तेव्हा त्यांच्या लेखी औरंगाबादच्या या दवाखान्याने त्यांची बोटे धरली होती.

द्वारका आत गेल्यावर खाली काउंटरवरच्या पोरीने ती बोटे सोडवली. पाच हजार फक्त डॉक्टरीणबाईंचे. खोली वेगळी, औषधे वेगळी, बाळाला तपासणारे डॉक्टर वेगळे.

"फक्त लिहिलंय ना तुम्ही?" मल्हाररावांनी भिंतीवरच्या तशाच जाहिरातीकडे बोट केले.

"पुढं चांदणी आहे बघा बाबा. खाली बारीक अक्षरात सगळं दिलंय."

"ही मुंगी कुणाला दिसावी? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला."

"आणखी तीन हजार भरा. दुपारनंतर मी वर येते पावती घेऊन."

"ये. मी बी बसलोय वरच," मल्हारराव म्हणाले.

वरच्या बाकावर देवगाव रंगारीचे एक मोठे कुटुंब आधीपासून बसले होते. थोड्याच वेळात साळूबाई नावाची आया दार ढकलून बाहेर आली. हातात दुपट्यात गुंडाळलेले बाळ, आणि चेहरा असा की जणू तिनेच ते घडवले.

"मुलगा! पाचशे ठेवा, मगच तोंड दाखवीन."

"दोनशे घे मावशी."

"दोनशेत नुसता अंगठा दिसंल."

हशा पिकला. आजोबांनी पाचशे दिले, वर पेढ्यांचे कबूल केले. साळूबाईने नोट कपाळाला लावली.

"अन् मुलगी झाली तर?" मल्हाररावांनी बाकावरून विचारले.

"तीनशे."

"पगार कुणाकडनं घेती मग?"

"पगार किती हाय, ते त्या पाच हजाराच्या बोर्डावर लिहिलं नाय बाबा."

"आमच्याकडनं दमडी मिळायची नाय. आत्ताच सांगतो."

"नका देऊ. मी बाळ पदराखाली झाकून बसते. बघू तर खरं आजोबाला किती दम निघतो!"

देवगावची माणसे पुन्हा हसली. आजोबा हा शब्द ऐकून मल्हाररावांनाही हसू फुटले होते, पण ते त्यांनी मिशीतच दाबले. बाई बोलायला गोड होती, आणि गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडण टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी तोंड फिरवले.

ऊन डोक्यावर आले. मग दार उघडले आणि एक नर्स खाली पळत गेली. तिच्या मागोमाग बन्सी वर आला, खांद्यावर ऑक्सिजनचे लोखंडी नळकांडे घेऊन, धापा टाकत, त्याच चढावरून. त्याने कुणाकडे पाहिले नाही.

"बघ," मल्हारराव बायकोला म्हणाले. "आता कसा पळतोय! हात पसरला का?"

बानाबाई बंद दाराकडे बघत होती.

एक तरुण डॉक्टर हेल्मेट डोक्यावर तसेच ठेवून जिना चढला आणि दाराआड गेला. हेल्मेट काढायचे भान नसलेला माणूस पाहून देवगावच्या मंडळींची बडबड थांबली. बाहेरून पेढे आले होते. त्यांच्यातली एक म्हातारी खोके घेऊन वाटत वाटत बाकाजवळ आली, तेवढ्यात दारातून नर्सचा चेहरा दिसला. म्हातारीने खोक्याचे झाकण लावले आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

काउंटरवरची पोरगी पावतीपुस्तक घेऊन आली. मल्हारराव सरसावून बसले. चांदणीवर काय बोलायचे, ते त्यांनी मघापासून जुळवून ठेवले होते. पण पोरीला नर्सने बाजूला घेतले, काही सांगितले. परत आली तेव्हा पुस्तक तिने पाठीमागे धरले होते.

"राहू द्या बाबा. नंतर बघू."

"बघू काय? भाव ठरला तो ठरला."

"हो बाबा," ती म्हणाली आणि भराभर उतरून गेली.

मल्हारराव बाकाला टेकले. छाती फुगली त्यांची. "ऐकलं? हो म्हणाली. माणूस ताठ राहिला की जग वाकतं."

"मघापासून आवाज नाय," बानाबाई म्हणाली.

"कशाचा?"

"कशाचाच नाय."

"दार जाड हाय," ते म्हणाले, पण उपरण्याचे टोक त्यांनी मुठीत धरले होते.

साळूबाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत धुतलेले, ओले. ती बाकाजवळ येऊन उभी राहिली. मल्हाररावांनी वाट पाहिली. आता मागेल, थोडी घासाघीस करू, मग देऊन टाकू, असे त्यांच्या मनात कधीचेच ठरले होते. दिवसभराचा राग किती दिवस पुरवायचा? नातवंडाच्या तोंडापुढे पैसा काय चीज आहे?

ती मागेना.

"रागावली व्हय?" ते उठत म्हणाले. "मघाचं मनात धरू नको. हे घे." त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून शंभराच्या नोटा काढल्या.

साळूबाईने ओले हात पदरात गुंडाळून घेतले.

"ठेवा बाबा."

"तीनशे हायेत. मुलगा असंल तर पाचशे करतो. तुझाच भाव."

"पोरगी शुद्धीवर हाय," साळूबाई म्हणाली. ती मल्हाररावांशी नव्हे, बानाबाईशी बोलत होती. "तिच्या जिवाला धोका नाय. पण बाळाचं तिला अजून सांगितलं नाय. तुम्ही चला आत, माय. आईनंच सांगावं."

बानाबाईने तोंडात पदर कोंबला. तशीच, भिंतीला हात लावत, ती दाराआड गेली. देवगावच्या माणसांनी आपल्या बाळाला घेतले आणि सगळी पलीकडच्या खोलीत गेली. बाकावर कुणी उरले नाही.

मल्हारराव उभेच होते. त्यांनी फार हळू विचारले.

"खाली थांबलो होतो... उताराशी. मी अडून बसलो. त्यानं तर नाय ना?"

साळूबाईने पदरातले हात कोरडे केले.

"डॉक्टरीणबाई सांगतील," ती म्हणाली.

"तू सांग."

मल्हाररावांनी बंडीतले होते नव्हते ते सगळे बाहेर काढले. चार मेंढ्यांचे उरलेले पैसे, चुरगाळलेले, ओंजळीत.

"माग की गं बाई," ते म्हणाले. "हजार माग. दोन हजार माग. मी नाय म्हणणार नाय. तू नुसतं माग."

साळूबाईने त्यांच्या दंडाला धरले आणि त्यांना बाकावर बसवले. मग आपणही शेजारी बसली, आणि काहीच मागितले नाही.